सहावी ते दहावीला एआय नको, असे सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून खान्देशातील शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : सहावी ते दहावीला कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) शिकवू नये; हा अभियंत्यांचा विषय असून उच्च गणित आणि कोडिंग आल्याशिवाय तो कळत नाही, संगणक नसलेल्या शाळांत तो शिकवणे ही थट्टा आहे, मुले आधीच चॅटबॉटकडून गृहपाठ लिहून घेतात, त्यात शाळेने भर घालू नये, आणि हे तंत्र दर सहा महिन्यांनी बदलत असल्याने आज शिकवलेले उद्या रद्दीत जाईल. मी जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. संदेश लिहिणाऱ्याची कळकळ मला खोटी वाटत नाही. त्याची विधाने मात्र तपासून घ्यावीत अशी आहेत.

गणिताचा मुद्दा आधी घेतो. राज्य मंडळाच्या नववीच्या अभ्यासक्रमात सांख्यिकी आणि निर्देशक भूमिती आहे, दहावीत अंतराचे सूत्र आणि संभाव्यता आहे. उदाहरणांवरून वर्गीकरण करण्याची एक जुनी आणि सोपी पद्धत, म्हणजे सर्वांत जवळचे शेजारी पाहून निर्णय घेण्याची पद्धत, एवढ्या गणितात पूर्ण बसते. आमच्याकडे कापूस घरोघरी असतो, म्हणून मी मुलांना काही बोंडांचा कापूस वेगवेगळ्या पुड्यांत आणायला सांगतो. प्रत्येक बोंडातील कापसाचे वजन ग्रॅममध्ये घ्यायचे (सुवर्णनगरीच्या जिल्ह्यात सोनाराचा छोटा काटा मिळणे अवघड नाही), डागाळलेपणाला 10 पैकी गुण द्यायचे, आणि आलेखाच्या कागदावर वजन आडव्या अक्षावर व डाग उभ्या अक्षावर मांडून चांगल्या कापसाला निळा, तर कवडीला, म्हणजे डागाळलेल्या हलक्या प्रतीच्या कापसाला, लाल ठिपका द्यायचा. नंतर नवे बोंड आणले, की त्याच्या सर्वांत जवळचे तीन ठिपके शोधायचे आणि त्यांत जो रंग जास्त, तो त्या बोंडाला द्यायचा. यंत्राला उदाहरणांवरून शिकवणे म्हणजे काय, ते इथे मुलांच्या हाताला कळते.

खरी गंमत पुढे आहे. सगळे ठिपके पहिल्या वेचणीच्या कापसाचे असतील आणि आपण फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या झाडांवरचे, बोंड आणले, तर आलेख ते बेधडक कवडीत ढकलतो. फरदडीचे बोंड मुळातच हलके असते, हे त्याने कधी पाहिलेलेच नसते. ज्या मुलांच्या घरी खेडा खरेदीला आलेला व्यापारी असाच निवाडा करून भाव पाडतो, त्यांना अपुऱ्या नमुन्यांमुळे होणारा पक्षपात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 2018 साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका 0.8 टक्क्यांपर्यंतच होत्या आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या 34.7 टक्क्यांपर्यंत गेल्या होत्या. दोष त्याच प्रकारचा, अपुऱ्या नमुन्यांचा आहे. यात कोडिंगची एकही ओळ आली नाही.

संगणकाच्या अभावाबद्दल संदेशातील निरीक्षण खरे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ब्रिटनमधील संशोधक डोनाल्ड मिची यांनी 1961 साली फुली-गोळा शिकणारे यंत्र 304 काड्यापेट्या आणि रंगीत मणी वापरून बनवले होते. गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी 1962 मध्ये त्याच कल्पनेवर नऊ घरांचा आणि दोन्हीकडे तीन-तीन प्याद्यांचा खेळ सुचवला. त्याला 24 काड्यापेट्या पुरतात. पटाची एकेक स्थिती एकेका डबीवर काढायची आणि आत शक्य त्या प्रत्येक चालीसाठी वेगळा दाणा ठेवायचा. आम्ही तूर, मूग, हरभरा आणि मका वापरतो. डोळे मिटून जो दाणा हाती येईल, ती डबीची चाल. डबी हरली, की तिची शेवटची चाल ज्या दाण्याने ठरली तो काढून टाकायचा. सुरुवातीला सहज हरणाऱ्या डब्या काही डावांनंतर हरेनाशा होतात, कारण डब्या नेहमी दुसऱ्याने खेळतात आणि या खेळात दुसऱ्याने खेळणारा अचूक खेळला तर तोच जिंकतो. सातवीतल्या एका मुलाने तेव्हा विचारले होते, “सर, डबीले काय समजस?” या प्रश्नावर माझा पूर्ण तास गेला, आणि तो गेला याचे मला वाईट वाटले नाही.

नकलेच्या आरोपाबाबत माझा अनुभव उलट आहे. एका गृहपाठात आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) तुकारामांच्या शिष्या झाल्या होत्या. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई आणि आमच्या कवयित्री नावाच्या सारखेपणामुळे एक झाल्या होत्या, आणि वाक्ये मात्र इतकी सफाईदार होती की मुलाला शंका आली नाही. चॅटबॉट आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातो, आणि शोभणारे वाक्य खरेच असेल असे नाही, हे ज्याला माहीत नाही तोच मुलगा अशी वही बिनधास्त पुढे करतो. मुलांच्या हाती चॅटबॉट द्यावा असे माझे म्हणणे नाही; वर्गात तो दाखवायचाच असेल, तर शिक्षकाच्या फोनवर दाखवावा.

उरला रद्दीचा मुद्दा. त्याला फार जागा देण्याची गरज नाही. दर सहा महिन्यांनी बदलतात ती उत्पादने. चुकीवरून आपल्या आतील आकडे (भार) बदलत शिकणारा फ्रँक रोझेनब्लॅट यांचा परसेप्ट्रॉन हा आराखडा 1958 चा आहे, आणि आर्थर सॅम्युएल यांच्या चेकर्स (सोंगट्यांचा एक पटखेळ) शिकणाऱ्या प्रोग्रामवरील निबंध 1959 चा. सीबीएसईने 2019-20 पासून नववीला हा विषय ऐच्छिक म्हणून ठेवला. पुस्तके सुधारली जातील, पाया हाच राहील.

संदेशातील एक तक्रार मला मान्य आहे : शिक्षकांना यासाठी कोणी तयार केलेले नाही, आणि ही पोकळी पाहून महागडे ‘एआय किट’ विकणारे शाळांच्या दारात उभे आहेत. किट घेण्याआधी मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतर, वेचणीचा कापूस घरात आलेला असताना, दोन तास, आलेखाचा कागद आणि एक काटा गणिताच्या शिक्षकाला द्यावा.