‘झोपेचं साधं इंजेक्शन’ या मेसेजला एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

लातूर, नांदेड, बीडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘दुर्बिणीच्या तपासणीला, एमआरआयला ऑपरेशन थिएटर लागत नाही, मग भूलतज्ज्ञ कशाला? झोपेचं साधं इंजेक्शन असतं, कुणीही देतं. बोटाला मशीन लावलं की बास. उपाशीही राहू नका. भूलतज्ज्ञाचं बिल दिसलं की सही करू नका.’ बिलाचा राग मला समजतो. पण यावर विसंबून एखाद्याचं लेकरू जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘साधं इंजेक्शन’. गुंगी कुठे संपते आणि पूर्ण भूल कुठे सुरू होते, याची ठाम रेघ नसते. ज्या डोसवर तरुण गडी नुसता पेंगतो, त्याच डोसवर सत्तरीच्या आजीचा श्वास थांबू शकतो. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा अंमल फ्लुमाझेनिलने उतरवता येतो, फेंटानिल या वेदनाशामकाचा नॅलोक्झोनने. दुधासारखं पांढरं दिसणारं प्रोपोफॉल मात्र उतारा नसलेलं औषध आहे. अंमल ओसरेपर्यंत श्वास कुणीतरी सांभाळावाच लागतो. २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला तो मुख्यतः याच औषधाने, राहत्या घरी, नीट देखरेख नसताना. ते देणारा हृदयरोगतज्ज्ञ होता आणि २०११ मध्ये तो दोषी ठरला. तेव्हा ‘कुणीही देतं’ हे डॉक्टरांनाही लागू नाही.

‘थिएटर नाही म्हणजे धोका नाही’. उलट आहे. थिएटरात सगळं हाताशी असतं. एमआरआयमध्ये पेशंट बोगद्यात आणि मशीनचं चुंबक कायम चालू, त्यामुळे नेहमीचा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत नेता येत नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण मशीनकडे खेचला जाऊन दगावला. दुर्बिणीच्या खोलीतली अडचण वेगळी: अंधार असतो, आणि ज्या तोंडातून मला श्वास द्यायचा, त्याच तोंडात दुर्बीण असते.

‘बोटाचं मशीन पुरे’. सगळ्यात घातक वाक्य हेच. ते मशीन रक्तातला ऑक्सिजन दाखवतं, श्वास नव्हे. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा काही काळ ९८ वर राहतो, आणि तो घसरायला लागतो तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो. जीभ मागे पडली की आधी घोरणं वाढतं, मग आवाजच बंद होतो. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. नवख्याला वाटतं, गाढ झोप लागली. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेषा त्याच क्षणी सपाट होते. तेवढ्यात हनुवटी उचलून जबडा पुढे ओढला, तर बहुतेक वेळा काम तिथेच भागतं. त्यासाठी पेशंटच्या डोक्याशी असा माणूस लागतो, ज्याचं लक्ष दुर्बिणीच्या पडद्याकडे नाही.

‘उपाशी कशाला?’ गुंगीत ठसका मंदावतो, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. हलकं खाणं ६ तास आधी, तळलेलं किंवा मटण ८ तास आधी, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. आपला दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही, त्यालाही ६ तास. लेकरू रडतंय म्हणून गुपचूप बिस्कीट देऊ नका. दिलंच असेल तर तसं सांगा, तपासणी पुढे ढकलू.

एक मात्र खरं: जठराची दुर्बीण अनेकांना घशात फवारा मारून, जागेपणी करता येते. तो पर्याय मागा, खर्चही आधी विचारा. पण गुंगी घेणारच असाल, तर सहीआधी विचारा की पूर्ण वेळ श्वासावर नजर कोण ठेवणार, कॅप्नोग्राफ आहे का, आणि पेशंट जागा झाल्यावर किती वेळ थांबवून ठेवणार. परतताना गाडी चालवायला सोबत कुणीतरी आणा. २४ तास पेशंटच्या हाती मोटारसायकलही द्यायची नाही.