‘सर्टिफिकेटवर ६२, तुमच्याकडे ४७’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की सप्लायरच्या सर्टिफिकेटवर सोया लेसिथिन (चॉकलेट पातळ ठेवायला घालतात तो सोयाबीनमधला पदार्थ) ६२ टक्के, आमच्या लॅबच्या रिपोर्टात फॉस्फोलिपिड (लेसिथिनमधले फॉस्फरस असलेले, मुख्य कामाचे घटक) ४७ टक्के, म्हणजे आमचं मशीन चुकतंय. शिवाय रिपोर्टला चार दिवस उशीर झाला आणि फोनवर कुणी धड बोललं नाही.

उशीर आणि फोन, दोन्ही चुका आमच्या. माफ करा. लेसिथिनमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम फॉस्फोलिपिडला धरून बसतं आणि स्पेक्ट्रममधले, म्हणजे मशीनच्या आलेखातले, पीक (उंचवटे) पसरट येतात. तुमच्या नमुन्यात तसंच झालं, म्हणून ईडीटीए (हे धातू पकडून ठेवणारं रसायन) घालून तो पुन्हा तयार केला. पण हे त्याच दिवशी फोन करून तुम्हाला सांगायला हवं होतं.

४७ हा आकडा मात्र मी मागे घेणार नाही. सर्टिफिकेट पुन्हा वाचा, ६२ च्या शेजारी ‘अ‍ॅसिटोन इन्सोल्युबल्स’ (अ‍ॅसिटोनमध्ये न विरघळणारा भाग) असं लिहिलेलं असेल. या चाचणीत अ‍ॅसिटोनने तेल धुऊन काढतात आणि उरलेल्याचं वजन करतात. त्या उरलेल्यात फॉस्फोलिपिड असतात, तसे ग्लायकोलिपिड (साखर जोडलेले मेद) आणि साखरही असते. आम्ही फॉस्फरस-३१ एनएमआर करतो, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फक्त फॉस्फरसचे सिग्नल मोजतो. साखरेत फॉस्फरस नाही, त्यामुळे ती त्यात दिसतच नाही. मोजून घातलेल्या ट्रायफिनाइल फॉस्फेटच्या (फॉस्फरस असलेल्या संदर्भ-रसायनाच्या) पीकशी तुलना करून पीसी, पीई, पीआय, पीए या फॉस्फोलिपिडच्या प्रकारांपैकी प्रत्येकाचा आकडा वेगळा काढतो. एकाच ड्रमचे ६२ आणि ४७ दोन्ही बरोबर असू शकतात. सप्लायरने तुम्हाला फसवलं, असंही यावरून म्हणता येणार नाही.

चॉकलेट घट्ट होतंय, असंही तुम्ही लिहिलंय. खरं तर मला याचीच जास्त काळजी वाटते. तुमचे बाकीचे आकडे मी इथे चारचौघांत लिहिणार नाही, पण रिपोर्टच्या दुसऱ्या पानावरची ‘लायसो-पीसी’ची ओळ नक्की बघा. पीसीची एक फॅटी अ‍ॅसिडची साखळी तुटली की लायसो-पीसी होतं. तेही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे माल बिघडत असला तरी सर्टिफिकेटवरचा आकडा चांगलाच दिसतो. घट्टपणाला दुसरी कारणंही असतात, ओलावा त्यातलं पहिलं. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून मी काही ठरवणार नाही.

तुमचा उरलेला नमुना आमच्याकडे सीलबंद आहे. त्याची अ‍ॅसिटोन चाचणी तुमच्यासमोर, फुकट करून देतो. महापेच्या लॅबमध्ये या, येताना सर्टिफिकेट आणि नव्या ड्रममधला थोडा मालही आणा.