‘दुसऱ्याने ठोकलं, तरी ६,०७५ रुपये मी का भरायचे?’ या अभिप्रायाला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय सावकाश, दोनदा वाचला. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला रात्री कुणीतरी मागून धडकून पळून गेलं. इन्शुरन्स ‘फुल’ असताना आम्ही ६,०७५ रुपये घेतले, सीसीटीव्हीत नंबर मिळूनही समोरच्याच्या कंपनीकडून पैसे काढले नाहीत, सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) येईपर्यंत गाडीला हात लावला नाही, पुढच्या दारावरचा ओरखडा क्लेममध्ये धरला नाही, एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाणार हे बोललो नाही, आणि सर्व्हेअर व आमचं संगनमत आहे, असं तुम्ही लिहिलंय. बिलाचा फोटो तुम्हीच टाकलाय, म्हणून त्यातले आकडे इथे मांडतो.

गाडी बंद होती, तुमचा काडीचा दोष नव्हता, हे शंभर टक्के मान्य. पण स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाकला की चूक कुणाची हा प्रश्नच उरत नाही. कंपनी गाडीचं नुकसान बघते, घसारा (पार्ट जुना झाल्याची वजावट) कापते, डिडक्टिबल (क्लेममागे मालकाने भरायची ठरलेली रक्कम) कापते आणि उरलेलं देते. धडक तुम्ही दिली असती तरी हिशोब हाच झाला असता.

बिल जीएसटी धरून १८,६०० चं. मागचा बंपर ४,८००, उजवा टेल लॅम्प ३,२००, ब्रॅकेट आणि क्लिपा ४००. हे सगळं प्लास्टिक, आणि प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा लागतो. म्हणजे ८,४०० पैकी ४,२०० तुमच्याकडे आले. क्वार्टर पॅनेलच्या (मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या) डेंटिंगची मजुरी २,५०० आणि बंपर काढ-घालीचे ७००; मजुरीवर घसारा नाही. पेंटिंग ७,०००. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के माल धरतात आणि त्या मालाचे निम्मे कापतात, ते झाले ८७५. एकूण घसारा ५,०७५. त्यावर १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, जे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे लागतं. कंपनीकडून आम्हाला १२,५२५ आले, तुमच्याकडून ६,०७५. यातला एक रुपयाही वर्कशॉपने स्वतःहून लावलेला नाही. पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असतं तर हेच काम तुम्हाला हजारात पडलं असतं. गाडी साडेचार वर्षांची आहे आणि बऱ्याच कंपन्या हे ॲड-ऑन पाच वर्षांपर्यंतच देतात, तेव्हा या नूतनीकरणाला ते मिळतंय का, जरूर विचारा.

क्वार्टर पॅनेल नवा का टाकला नाही, असंही तुम्ही विचारलंय. तो दारासारखा बोल्टवर बसत नाही, बॉडीला वेल्ड केलेला असतो. नवा बसवायचा तर जुना कापावा लागतो, कारखान्यातून आलेले स्पॉट वेल्ड आणि सीलंट जातात, आणि पुढे त्याच जोडावर पाणी मुरून गंज धरतो. पत्रा फाटला नसेल तर तो ओढून सरळ करणं गाडीच्या भल्याचं असतं. शिवाय चार ते पाच वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या पार्टवर ३५ टक्के घसारा आहे; नव्या पॅनेलने तुमचाच वाटा वाढला असता.

आता एनसीबी. एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर, तुमच्या सहीच्या वर, ती ओळ आहे. तरी इथे पूर्ण मांडतो, कारण क्लेमच्या गडबडीत या ओळीकडे कुणाचंच लक्ष जात नाही आणि नुकसान इथेच जास्त होतं. तुमचा एनसीबी ४५ टक्के होता, क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ५० झाला असता. आता तो शून्य होईल, मग २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढेल. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ प्रीमियम ८,००० धरला तर पाच वर्षांत जाणारी सूट ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००, म्हणजे १०,०००. प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. पण मिळाले १२,५२५ आणि जाणार ११,८०० च्या आसपास, हे शेजारी-शेजारी ठेवून बघा. म्हणूनच वीस हजारांच्या आतलं काम असेल आणि एनसीबी चांगला साठला असेल, तर आम्ही ग्राहकाला आधी खिशातून करायला सुचवतो. तुम्ही गाडी आणण्याआधीच कंपनीला फोन करून क्लेम नोंदवला होता. नोंदवलेला क्लेमही पैसे मंजूर होण्याआधी मागे घेता येतो, आणि तसा घेतल्यास एनसीबी सहसा टिकतो. कंपनीकडून ते लेखी मात्र घ्यावं.

समोरच्या गाडीच्या इन्शुरन्समधून पैसे काढणं वर्कशॉपच्या हातात नाही. तो दावा गाडीमालकानेच करायचा असतो, आणि समोरच्याची कंपनी नुसत्या अर्जावर चेक देत नाही. पोलिसांत तक्रार, सीसीटीव्हीचं फुटेज, बिल घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. फुटेज मात्र लगेच काढून घ्या. सोसायटीचे आणि दुकानांचे डीव्हीआर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसून त्यावर नवं घेतात. गाडीचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकला की तिचा विमा चालू आहे का ते कळतं. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. काहीजण प्रीमियममधले शंभर रुपये वाचवायला ते ६,००० वर आणून ठेवतात, तेही तपासावं. ‘हिट अँड रन’ची सरकारी भरपाई यात लागू नाही, ती मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठीच आहे. आमचं स्पष्ट मत असं, की इतक्या रकमेसाठी पोलिसांसमोर समोरच्याशी लेखी तडजोड झाली तर ती सगळ्यात बरी. कंपनीने दिलेले १२,५२५ पुन्हा मागता येणार नाहीत. तुमच्या खिशातून गेलेले मागता येतात.

सर्व्हेआधी गाडी उघडली असती तर तुमचा क्लेमच अडचणीत आला असता. नुकसान बघायच्या आत काम सुरू झालं की ‘मूळ स्थिती दिसली नाही’ म्हणून कंपनी हात वर करते. तुमचा बंपर सर्व्हेअरसमोर उतरवला तेव्हा आतला ब्रॅकेट तुटलेला आणि बंपरचे दोन कान (बंपर अडकवायचे भाग) उडालेले निघाले. बाहेरून यातलं काही दिसत नव्हतं. आधीच उतरवला असता तर ते कान काढताना आम्ही तोडले की धडकेत गेले, हे कुणी ठरवायचं?

पुढच्या दाराचा ओरखडा. धडक मागून, बंपरच्या उंचीवर बसली आहे आणि तिथे समोरच्या गाडीचा निळा रंग घासला गेलाय. दारावरचा ओरखडा हँडलच्या खाली, आडवा, आणि त्याच्या खाचेत पॉलिशची वाळलेली पांढरी पूड बसलेली होती. म्हणजे ओरखडा पडल्यानंतर गाडीला कधीतरी पॉलिश झालंय. सर्व्हेअरने नख फिरवून तीच पूड तुम्हाला दाखवली होती. वेगळ्या घटनेचं नुकसान म्हणजे वेगळा क्लेम, वेगळं डिडक्टिबल. दोन्ही एकाच धडकेत झालं असं लिहून देणं म्हणजे कंपनीला खोटं सांगणं, आणि त्यापायी सगळाच क्लेम जाऊ शकतो. ते आम्ही कुणासाठीच करत नाही.

सर्व्हेअर आयआरडीएआयचा (विमा क्षेत्राच्या नियामकाचा) परवानाधारक असतो, त्याला कंपनी नेमते आणि त्याची फी कंपनी देते. कोण यावा हे आम्ही ठरवत नाही. त्याचं मूल्यांकन पटत नसेल तर कंपनीकडे सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. मग कंपनीच्या तक्रार कक्षात लेखी द्या. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नियामकाचं विमा भरोसा हे तक्रार पोर्टल, आणि महिनाभरातही सुटलं नाही तर त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. तिथे तक्रार फक्त तुमच्या स्वतःच्या कंपनीविरुद्ध चालते, समोरच्याच्या नाही.

समोरच्याकडून ६,०७५ मागायला लागणारे कागद तयार ठेवले आहेत: शिक्क्यासह बिल, घसारा आणि डिडक्टिबल वेगळं दाखवणारा तक्ता, बंपर उतरवण्याआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो, आणि निळा रंग घासलेला जुना बंपर. तो बंपर भंगारात दिलेला नाही. काउंटरवर जॉबकार्ड दाखवून कधीही घेऊन जा.