कोंबडा मागून लाल दिसला म्हणून त्याला रॉकेल चोळू नका

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर साधारण असा: “कोंबड्याचं पोट आणि मागची बाजू लाल दिसली म्हणजे अंगात उष्णता भरली, ही मानमोडीची पहिली खूण. हात लावला तर अंग गरम लागेल, विष्ठेत पांढरं दिसेल. सगळ्या कळपाला एन्रो किंवा कोलिस्टिन (दोन्ही अँटिबायोटिक) पाण्यातून पाच दिवस द्या. मागे रॉकेल किंवा जळकं ऑइल चोळा. फरक नाही पडला तर कोंबडा विकून मोकळे व्हा.”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल, पण यातल्या सल्ल्याने चांगले कोंबडे हकनाक मरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“लाल दिसली म्हणजे रोग.” वयात आलेला कोंबडा लालच असतो. ज्या नर संप्रेरकाने तुरा लालभडक होतो, त्यानेच छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंची आणि पोटाखालची कातडी लालसर होते. काही कोंबड्यांत तर पायाच्या नळ्यांवरही लाल पट्टा उमटतो. एरवी हे पिसांखाली झाकलेलं असतं. पिसं गळायच्या दिवसांत किंवा मारामारीत उपटली गेली की उघडं पडतं आणि पाळणारा दचकतो. मानेवर पिसं नसलेल्या जातीचा नर पाहा, वयात येताना त्याची मान लाल होत जाते आणि तो ठणठणीत असतो. उन्हाळ्यात तर कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कारण कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला धापा टाकणं आणि तुरा-कातडीतून रक्त खेळवणं हेच तिचे मुख्य मार्ग.

आता मागच्या द्वाराबद्दल. अंडी उबवणीसाठी नर-माद्या पाळणाऱ्या फार्मवर कामाचे नर निवडताना शेपटी उचलून हेच बघतात. द्वार लालसर, ओलसर आणि भोवतीची पिसं थोडी झिजलेली असली तर तो नर माद्यांवर नीट चढतोय. फिकट, कोरडं, आक्रसलेलं असेल तर तो कामातून गेलाय. म्हणजे मेसेज ज्याला रोग म्हणतो ती बहुतेक वेळा तब्येतीची खूण असते.

“मानमोडीची पहिली खूण.” मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूने होते. त्यात कोंबडी मलूल होते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते, पाय-पंख लुळे पडतात, मान पिरगळते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. मागची कातडी लाल होणं हे तिचं लक्षण नाही. तिच्यावर उपाय एकच, वेळेवर लस: पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. रंगाचीच भीती बाळगायची तर जांभळ्याची बाळगा. तुरा काळपट-जांभळा पडला, तोंड सुजलं, नळ्यांवर रक्ताचे डाग दिसले आणि एकदम दोन-चार पक्षी गेले, तर ते बर्ड फ्लूही असू शकतं. 2006 मध्ये बर्ड फ्लूच्या साथीत नवापूरला काय झालं ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनवर कळवा.

“अंग गरम, विष्ठेत पांढरं.” कोंबडीचं नेहमीचं तापमान 41 ते 42 अंश असतं, आपलं 37. तिचं अंग आपल्या हाताला गरमच लागणार. आणि विष्ठेवरची पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी. दोन्ही एकाच वाटेने येतात.

मग लाली कधीच काळजीची नसते का? असते. कळपातला लालीचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा मेसेजमध्ये कुठेच नाही: उवा आणि माइट (अंगावर राहणारे, रक्त पिणारे बारीक किडे). रात्री कोंबडा दांडीवर बसला की शांतपणे काखेत घ्या, शेपटी वर करा आणि द्वाराखालची पिसं उलट्या दिशेने फुंकर मारून उघडा. टॉर्चचा उजेड पडताच पिवळसर उवा कातडीवरून सैरावैरा पळतात. पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढुरके गठ्ठे, साबुदाणा चिकटून बसावा तसे. माइट असतील तर पिसांची मुळं मळकट-काळी दिसतात आणि पक्षी खाली ठेवेपर्यंत तुमच्या मनगटावर काहीतरी चालायला लागतं. कोंबडा स्वच्छ निघाला तरी दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कपडा फिरवून पाहा. एका जातीचे माइट दिवसा फटीत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. कपड्यावर लाल ओरखडे उठले तर ते तिथे आहेत.

औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, पिकावरचं कीटकनाशक तर मुळीच नको. पण दोन गोष्टी पाळा. औषध एकट्या कोंबड्याला नाही, एकाच दिवशी सगळ्या कळपाला आणि खुराड्यालाही. आणि 7 ते 10 दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या फेरीत लिखा मरत नाहीत. छपराखाली कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा. कोंबड्या त्यात लोळून आपलं अंग आपणच साफ ठेवतात. पावसाळ्यात नेमकं हेच त्यांना मिळत नाही.

दुसरं कारण खुराड्यात खाली अंथरलेलं ओलं तूस. खुराड्यात वाकून पाहताना डोळे चुरचुरले तर ती अमोनियाची वाफ, आणि त्याच वाफेत पक्षी रात्रभर पोट टेकून बसतात. तिथे कातडी पोळतेच. तूस बदला, हवा खेळती करा.

“एन्रो किंवा कोलिस्टिन पाण्यातून.” कोलिस्टिन खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि पक्ष्यांना द्यायला भारतात 2019 पासूनच बंदी आहे. माणसाच्या दवाखान्यात बाकी सगळं हरल्यावर राखून ठेवलेलं औषध आहे ते. एन्रो उवांवर चालत नाही, विषाणूवर चालत नाही, बुरशीवरही नाही. उलट द्वाराला घाण वास येतोय, पांढरट-पिवळा चिकट स्राव वाहतोय, पिसं लडबडून घट्ट झालीत, अशा पक्ष्यात अनेकदा कँडिडा ही बुरशी असते, आणि अँटिबायोटिकने पोटातले चांगले जीवाणू मेले की तिला रान मोकळं मिळतं. अशा कोंबड्याची लडबडलेली पिसं कापा, कोमट पाण्याने धुऊन नीट कोरडा करा, वेगळा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ओल्या दिवसांत हे टाळू नका, माश्या तिथे अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात.

“रॉकेल, जळकं ऑइल.” त्या जागेची कातडी पातळ असते, रॉकेलने ती भाजते. शिवाय कोंबडा चोचीने पिसं साफ करतो, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले धातू उतरलेले असतात. जखम झाली आणि बाकीच्या टोचायला लागल्या, तर डॉक्टरांना विचारून निळं-जांभळं जंतुनाशक लावा. लाल रंग झाकला जातो आणि टोचणं कमी होतं.

“विकून मोकळे व्हा.” रोग नसेल तर चांगला नर घालवलात. असेल तर तो बाजारातून दुसऱ्याच्या परसात पोचवलात. आणि पाच दिवस औषध पाजलेला पक्षी विकलात तर ते औषध कुणाच्या तरी ताटात गेलं. कुठलंही औषध दिलं असेल तर किती दिवस मांस आणि अंडी खायची नाहीत हे डॉक्टरांना विचारा, आणि तेवढे दिवस कोंबडा घरीच ठेवा.