शेल टाळल्यानंतरही उरणारा धोका : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) प्रोग्रॅममधून चालवणाऱ्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, बाहेरून आलेल्या यूआरएलमध्ये लपलेले धोकादायक पर्याय स्वतःच रोखावेत, असे मी लेखात म्हटले होते. आपले म्हणणे असे की, लायब्ररी गिटला आर्ग्युमेंट्सची (आज्ञेसोबतच्या मजकुरांची) यादी थेट देते, मध्ये शेल, म्हणजे आज्ञेची ओळ वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम, येतच नाही, त्यामुळे माझ्या लेखातली भीती अनाठायी आहे. शिवाय बाहेरून आलेली यूआरएल तपासणे हे लायब्ररी वापरणाऱ्याचे काम आहे. मला हे दोन्ही निष्कर्ष पटत नाहीत.

शेल नसला की एका आज्ञेला दुसरी जोडणारे अर्धविराम आणि पाइप (|) निष्प्रभ होतात, हे खरे. परंतु यादीतला प्रत्येक घटक पुढे गिट स्वतः वाचते आणि डॅशने सुरू होणारा घटक ते पर्याय, म्हणजे वागणूक बदलणारी सूचना, समजते. यूआरएलच्या जागी ‘--अपलोड-पॅक=’ने सुरू होणारा मजकूर पोहोचला, तर समोरच्या बाजूला कोणता प्रोग्रॅम चालवायचा हे तो मजकूरच ठरवतो; रिपॉझिटरी (कोडचा साठा) त्याच मशिनवर असेल, तर तो प्रोग्रॅम आपल्याच सर्व्हरवर चालतो. 2021 मध्ये पीएचपीची पॅकेजे आणणाऱ्या कंपोझरमध्ये सापडलेली त्रुटीही याच जातीची होती : मर्क्युरियलकडे (गिटसारखेच दुसरे साधन) जाणारी यूआरएल शेलसाठी नीट एस्केप केलेली (विशेष चिन्हे निष्प्रभ केलेली) असूनही ती पर्याय म्हणून वाचली जाऊ शकत होती.

आता जबाबदारीचा प्रश्न. ऑगस्ट 2017 मध्ये गिट, मर्क्युरियल आणि त्यांच्यासारखेच सबव्हर्जन या तिघांनाही एकाच प्रकारची दुरुस्ती करावी लागली, कारण ‘-ओप्रॉक्सीकमांड’ने (जोडणीसाठी कोणती आज्ञा चालवायची हे सांगणाऱ्या पर्यायाने) सुरू होणारे होस्टनाव, म्हणजे यूआरएलमधले मशिनचे नाव, दूरच्या मशिनशी जोडणाऱ्या एसएसएचच्या हाती थेट जात होते. अशी यूआरएल सबमोड्यूलमध्ये (रिपॉझिटरीत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीत) दडलेली असली, तर रिकर्सिव्ह क्लोन करणाऱ्याला, म्हणजे सबमोड्यूलसकट प्रत उतरवणाऱ्याला, ती दिसतही नाही. त्याने तपासायचे काय? पायथनमधून गिट चालवणाऱ्या गिटपायथन लायब्ररीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. धोकादायक पर्याय मुळातच नाकारणारी दुरुस्ती 3.1.30 मध्ये आली, तरी एक वाट उघडी राहिली आणि ती 3.1.32 मध्ये बुजवावी लागली. गिटचे पर्याय रोज हाताळणाऱ्यांच्या नजरेतून जे सुटते, ते प्रत्येक वेब अ‍ॅपच्या लेखकाने पकडावे, ही अपेक्षा मला अन्यायकारक वाटते.

यूआरएलच्या आधी ‘--’ (पर्याय संपल्याची खूण) घातले की झाले, असेही आपण सुचवता. क्लोनसाठी ते चालते. पण लॉगसारख्या आज्ञांमध्ये तेच चिन्ह रिव्हिजन (कोडची विशिष्ट आवृत्ती) आणि फाइलींचे मार्ग वेगळे करते. तिथे ब्रँचचे (कोडच्या शाखेचे) नाव सुरक्षित ठेवण्यासाठी 2019 मध्ये, गिट 2.24 पासून, ‘--एंड-ऑफ-ऑप्शन्स’ आले. कोणत्या आज्ञेला काय लागते हे आज्ञा रचणाऱ्या लायब्ररीलाच ठाऊक असते, म्हणून रोखण्याची जागाही तीच. ज्याला अपलोड-पॅक खरोखर बदलायचे आहे, त्याने तशी परवानगी आपल्या कोडमध्ये स्पष्ट लिहावी. त्यापायी काही जुना कोड मोडला तरी मला ते मान्य आहे.