फोनने मान टाकली तेव्हा

मंडईत भाजी तोलून झाली होती. अर्धा किलो वांगी ६० रुपये किलोने, पाऊण किलो भेंडी ८० नी, सव्वा किलो कांदे ३२ नी. मी फोनमधला कॅल्क्युलेटर उघडला, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "एकशेतीस झाले, दादा." त्या काट्यातून वांगी पिशवीत ओततच होत्या. आणि फोनने मान टाकली.

खिशात रोकड शून्य. पाकीट बाळगणं मी कधीच सोडलंय.

"घरी लावा की फोन," म्हणत त्यांनी त्यांचा बटणांचा फोन पुढे केला. मी अंगठा ९ वर ठेवला आणि तिथेच थांबलो. बायकोचा नंबर! ९८ की ९९? शेवटी ४७ आहे, एवढं नक्की. मधल्या सहा आकड्यांच्या जागी मला ती स्वतःच दिसत होती, तीही रागावलेली. पाठ होता तो फक्त लहानपणचा, वाड्यातल्या काळ्या डबड्याचा सहा आकडी नंबर. तो घडाघडा आला. पण आता ना तो वाडा आहे, ना तो फोन.

आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणवून घेतल्याशिवाय संध्याकाळी जेवायला बसवत नसत. ते सगळं कुठे गेलं? २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. माहिती संगणकात साठवली जाणार असं वाटलं, की माणसं ती कमी लक्षात ठेवतात. ती कुठे ठेवलीय, हे मात्र चांगलं लक्षात ठेवतात. माझं तंतोतंत तसंच. बायको 'घ' खाली आहे, 'घर' या नावाने. आता हे मावशींना काय सांगणार?

"राहू द्या, उद्या द्या," त्या म्हणाल्या.

"लिहून घ्या तरी."

"कशाला?"

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. हिला माझा नंबर तोंडपाठ निघाला. मी क्षणभर विरघळलो. मग कळलं, कुरिअरवाल्यांना ती तोच देते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत १३० रुपये पुढे केले. मावशींनी ते मोजून कनवटीला लावले आणि हात तसाच पुढे ठेवला.

"आणि दहा. बुधवारची कोथिंबीर."