‘बीबी गेली’ म्हणण्याआधी

पावसाळा ओसरला, घाटातले रस्ते कोरडे झाले, की पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. या वर्षी तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला. मेसेज असा: ‘रोड बाईकवर पेडल मारताना कुरकुर आली म्हणजे बीबी गेली. आवाज जिथून ऐकू येतो तिथेच बिघाड असतो, शोधत बसू नका. आधी सगळ्या सांध्यांवर डब्ल्यूडी-40 मारा. तरी आवाज राहिला तर सगळे बोल्ट आणखी आवळा. आणि कार्बनची सायकल असेल तर घाबरू नका, कार्बन बोलतंच.’

पाच वाक्यं आहेत आणि मला पाचही मान्य नाहीत. पहिल्या चार वाक्यांपायी लोक धडधाकट सुटे भाग काढून टाकतात. पाचव्यापायी एखाद्याचं हाड मोडू शकतं.

आधी बीबीचं, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचं: पेडलचा आस फ्रेममध्ये ज्यावर फिरतो ते बेअरिंग. हे वाक्य मीही एके काळी खरं मानलं होतं. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढताना उजवा पाय खाली गेला की ‘कट्’ असा आवाज यायचा. सपाटीवर नाही, उतारावर नाही. दुकानात दाखवलं, तर बीबी गेली म्हणाले, म्हणून बदलून घेतली. पुढच्या रविवारी त्याच चढावर तोच ‘कट्’. मग मैत्रिणीची पेडल लावून पाहिली, चेनरिंगचे (पेडलपाशी चेन जिच्यावर चढते त्या दातेरी चकतीचे) बोल्ट काढून ग्रीस लावून परत बसवले, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, उपसून पुसला. शेवटी डिरेल्युअरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर काढला. मागच्या चाकाच्या आसापाशी फ्रेमला दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला तो अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. त्याच्यामागे धुळीचा कोरडा, पांढुरका थर साचला होता. फडक्याने पुसला, ग्रीसचं बोट फिरवलं, स्क्रू लावले. आवाज गेला तो गेलाच. काढलेली जुनी बीबी मी घरी आणून ठेवली होती. बोटाने फिरवून पाहिली, तर छर्रे कुठेही न अडखळता फिरत होते.

बीबीवर आळ का येतो, हे समजण्यासारखं आहे. पायांचा सगळा जोर तिथूनच जातो आणि आवाज पायांच्या तालावर येतो. पण पेडल दाबलं की नुसती बीबी ताणली जात नाही. मागचा आस ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या खाचेत, केसभर सरकतो, हँडल उलट बाजूला ओढलं जातं, सीटपोस्ट वाकतो, हँडल धरणारा स्टेम पिळला जातो. एकमेकांना चिकटून बसलेले दोन पृष्ठभाग ताण वाढला की अचानक थोडेसे घसरतात, पुन्हा अडकतात, पुन्हा घसरतात. कुरकुर म्हणजे हेच. ती कुठल्याही कोरड्या, मळलेल्या जोडात होऊ शकते आणि पायांच्याच तालावर होते.

बीबी तपासायला पाच मिनिटं लागतात. चेन चेनरिंगवरून खाली उतरवा, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, हाताने हळू फिरवा आणि दुसरा हात सीट ट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर, ठेवा. बेअरिंग खराब असेल तर फ्रेममधून खरखर हाताला जाणवते. मग क्रँक धरून आत-बाहेर हलवून बघा. दोन्ही क्रँक एकत्र हलत असतील तर ढिलाई बीबीत आहे. एकच हलत असेल तर ती क्रँक सैल आहे, बीबीचा काही दोष नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. प्रेसफिट बीबीबद्दलची तक्रार हवेतली नाही. कॅननडेलने 2000 साली बीबी-30 आणली, 2006 मध्ये ती सगळ्या कंपन्यांसाठी खुली केली, आणि आटे न पाडता 42 मिलिमीटरच्या भोकात बेअरिंग दाबून बसवायची पद्धत पसरली. त्या भोकाच्या मापात जरा फरक पडला तरी बेअरिंग आत हलतं. याच त्रासातून 2015 मध्ये टी-47 ही नवी पद्धत आली आणि आटे परत आले. पण नीट बघा, यातही कुरकुरतं ते बेअरिंग आणि फ्रेम यांच्यामधलं बसणं. नवं बेअरिंग त्याच न पुसलेल्या भोकात दाबलं, तर काही आठवड्यांत तोच आवाज परत येतो. बीबीच दोषी ठरली, तरी ‘बदला’ हे उत्तर अपुरं आहे. काढा, पुसा, भोक तपासा, फ्रेमच्या कंपनीने सांगितलेलं ग्रीस किंवा धरून ठेवणारं रसायन लावा, मग बसवा. आपल्याकडे पावसात चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: सीटपोस्टच्या फटीतून आत शिरलेलं पाणी सीट ट्यूबमधून उतरून थेट बीबीपाशी साचतं. मोठ्या पावसातून आलात की सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा.

आता ‘आवाज जिथून ऐकू येतो तिथेच बिघाड’. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे वाक्य. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, अॅल्युमिनियमच्या नळीतून सुमारे 5000 मीटर. फ्रेम पोकळ आहे. एका टोकाला झालेला ‘कट्’ सगळ्या नळ्यांत घुमतो आणि वर बसलेल्या माणसाला तो पायांखालूनच आल्यासारखा वाटतो. सीटच्या रुळांचा आवाज बीबीतून आल्यासारखा वाटतो, हेडसेटचाही, म्हणजे हँडल वळतं त्या जोडातल्या बेअरिंगचाही, तसाच. कानाला ‘कुठून’ विचारलं की तो चुकीचं सांगतो. ‘कधी’ विचारलं तर मात्र बरोबर सांगतो.

आणि ‘कसा’ हेही विचारा. आपल्या भाषेत आवाजांना इतके नेमके शब्द आहेत की मेकॅनिकला नुसतं ‘नॉइज येतोय’ म्हणणं हा त्या शब्दांवर अन्याय आहे. कुरकुर म्हणजे ताणाखालचा कोरडा जोड. खरखर किंवा घरघर म्हणजे बेअरिंग. टकटक म्हणजे ठरावीक अंतराने कुठेतरी काहीतरी आपटतंय. खडखड म्हणजे काहीतरी सुटं आहे: बाटलीचा पिंजरा, व्हॉल्व्हची चकती, सीटखालच्या पिशवीतल्या किल्ल्या. चिवचिव बहुतेक वेळा कोरड्या चेनची. डिस्क ब्रेक असेल तर चढावर येणारी टिंगटिंग किंवा सुईसुई म्हणजे रोटर, ब्रेकची चकती, पॅडला घासतोय.

मग ताल मोजा. यासाठी यंत्र लागत नाही. मिनिटाला 90 फेरे म्हणजे पेडलचा ताल सेकंदाला दीड. 25 मिलिमीटर रुंद टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण 2.1 मीटर जातं, म्हणजे ताशी 30 किलोमीटरला ते सेकंदाला जवळपास चार फेरे घेतं. दीड आणि चार यांतला फरक कुणालाही ऐकू येतो. तिसरा ताल चेनचा. चेनमध्ये साधारण 110 कड्या असतात. पुढे 50 दातांची चेनरिंग असेल तर चेनचा एक फेरा पेडलच्या 2.2 फेऱ्यांत पुरा होतो, 34 दातांची असेल तर 3.2 फेऱ्यांत. पेडलच्या दर दोन-तीन फेऱ्यांनी एकदा येणारी ‘टक्’ ही जवळजवळ नेहमी एखादी अडकणारी कडी असते. क्रँक उलटी हळू फिरवा आणि मागच्या डिरेल्युअरच्या छोट्या चक्रांकडे बघा. ती कडी तिथून जाताना डिरेल्युअरला झटका बसलेला दिसेल.

यात एक फसगत आहे आणि घाट चढणाऱ्यांनी ती मुद्दाम समजून घ्यावी. पुढे 34 आणि मागे 34 दात असा सगळ्यात हलका गिअर टाकला, की पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही बरोबर एकच फेरा. दोन्ही ताल एक होतात. नेमक्या त्याच वेळी जोर सगळ्यात जास्त असतो, आवाजही सगळ्यात मोठा येतो आणि आपण तिथेच निदान करायला बसतो. म्हणून आवाज चढावर ऐका, पण ताल सपाटीवर मोजा. पुढे 50, मागे 15 दातांवर चाक पेडलच्या सुमारे 3.3 पट फिरतं आणि दोघांचे आवाज आपोआप वेगळे होतात.

पुढच्या चाचण्या चालवता चालवताच होतात. पेडल थांबवा: तरीही आवाज येत राहिला तर तो चाकाचा, ब्रेकचा किंवा सुट्या वस्तूचा. सीटवरून उठून चालवा: थांबला तर सीटपोस्ट, सीटचा क्लॅम्प किंवा रूळ. एक पाय काढून एकाच पायाने मारा: एका बाजूलाच येत असेल तर पेडल किंवा बुटाची क्लीट, म्हणजे बुटाला पेडलशी अडकवणारी पट्टी. प्लास्टिकच्या क्लीट धुळीत हमखास कुरकुरतात आणि त्याचं खापर बीबीवर फुटतं. मग उतरा, सायकल भिंतीला टेकवा, दोन्ही ब्रेक घट्ट धरून आडव्या आलेल्या पेडलवर पायाने हळूहळू जोर द्या. सोबतच्या माणसाला एकेका जोडावर बोटाचं टोक ठेवायला सांगा. कान फसतो, पण बोटाला ‘कट्’ लागतो तो जवळच्या जोडात सगळ्यात स्पष्ट लागतो. माझा हँगर सापडला तो असाच, मैत्रिणीच्या बोटाला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम केल्यात आणि आवाज गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही.

डब्ल्यूडी-40 चं तसं थोडक्यात आहे. हे 1953 साली सॅन दिएगोत तयार झालं, रॉकेटच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. निळ्या-पिवळ्या डब्यातलं ते रसायन गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम आहे. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा असतो आणि जाताना तो आतलं ग्रीसही सैल करून नेतो. आवाज दोन दिवस बंद होतो. तुम्हाला वाटतं काम झालं. पुढच्या आठवड्यात आवाज परत येतो, आणि आता तो जोड आधीपेक्षा कोरडा असतो. सगळ्या सांध्यांवर एकदम मारल्याने कोणता जोड बोलत होता हा पुरावाही पुसला जातो. कार्बनच्या सीटपोस्टवर उडालं तर पोस्ट घसरायला लागतो. डिस्क ब्रेकच्या रोटरवर थेंब उडाले तर पॅड बाद होतात आणि ब्रेक लागत नाही. हे मी सिंहगडाच्या उतारावर एका सोबत्याच्या सायकलवर पाहिलं आहे. तो थांबला, पण जिथे थांबायचं होतं त्याच्या फार पुढे.

‘आणखी आवळा’ हा सल्लाही आवाजाचं कारण चुकीचं धरतो. कुरकुरणारा बोल्ट पुष्कळदा सैल नसतोच, कोरडा असतो. कोरड्या आट्यांवर पाना अडतो, हाताला घट्ट लागतं, पण दोन भाग एकमेकांवर पुरेसे दाबले गेलेले नसतात. उलगडा, पुसा, आट्यांना ग्रीस लावा, मग सांगितलेल्या मापाला आवळा. स्टेमचे बोल्ट साधारण 5 न्यूटन-मीटर. म्हणजे 10 सेंटिमीटरच्या अॅलन कीच्या टोकाला पाच किलो टांगल्याइतकाच जोर. शिमानोच्या डाव्या क्रँकचे बोल्ट 12 ते 14, कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) लॉकरिंग 40 च्या आसपास, पेडल 35 च्या वर. एकाच हाताच्या अंदाजाने 5 आणि 40 दोन्ही कसे आवळणार? टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, स्वस्त नाही, पण तुमच्या गटात एक घेऊन फिरवता येतो. धातूला धातू लागतो तिथे ग्रीस, कार्बनला क्लॅम्प लागतो तिथे कार्बन पेस्ट. पेस्टमधले बारीक कण पकड वाढवतात, त्यामुळे कमी जोरातही पोस्ट घसरत नाही. आणि हेडसेट खटखटतो म्हणून नुसती वरची टोपी आवळू नका. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, टोपीने ढिलाई काढा, मग स्टेम परत आवळा. स्टेम घट्ट असताना टोपी पिळली तर खटखट तशीच राहते, कारण जोर हेडसेटपर्यंत पोचतच नाही.

राहिलं पाचवं वाक्य, ‘कार्बन बोलतंच’. धडधाकट कार्बन फ्रेम बोलत नाही. तिच्यात बसवलेले जोड बोलतात आणि ते गप्प करता येतात. म्हणून चालू राहणाऱ्या आवाजाला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत हँडल, स्टेम, फोर्क, सीटपोस्ट आणि क्रँक डोळ्यांनी तपासलेच पाहिजेत, धातूचे असले तरी. नाण्याने ठोकून बघायची युक्ती अनेक जण सांगतात: चांगला भाग टणक वाजतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. पण नळीची जाडी बदलते तिथे आवाज तसाही बदलतो. त्यामुळे नाण्यावरून संशय घ्यावा, निर्धास्त होऊ नये. पडल्यानंतर नव्याने सुरू झालेला आवाज असेल तर सायकल घरी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आवाज कधी कधी खरोखरच मोडण्याआधीची सूचना असतो. शिमानोच्या 11 स्पीडच्या (मागे 11 गिअर असलेल्या) काही क्रँक दोन पोकळ भाग चिकटवून बनवलेल्या आहेत. तो जोड सुटून क्रँक मोडण्याच्या चार हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्यावर, सप्टेंबर 2023 मध्ये एकट्या उत्तर अमेरिकेत सुमारे 7 लाख 60 हजार क्रँक तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. जुलै 2019 च्या आधी बनलेल्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या मालिकांमधल्या त्या होत्या. आपल्याकडे जुन्या बाजारात फिरणाऱ्या कितीतरी सायकलींवर याच क्रँक आहेत. क्रँकच्या आतल्या बाजूला मॉडेलचा नंबर कोरलेला असतो. तो एफसी-6800, एफसी-आर8000, एफसी-9000 किंवा एफसी-आर9100 असेल, तर आजच क्रँक स्वच्छ पुसा आणि टॉर्चच्या उजेडात आतल्या बाजूचा जोड टोकापासून टोकापर्यंत बघा. फट दिसली, कड उचललेली दिसली, तर त्या सायकलवरून कात्रजचा उतारही उतरू नका. थेट अधिकृत विक्रेत्याकडे न्या, आणि नेताना गाडीत घालून न्या.